दानेल मास्तरचा रकाना

माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी जेवढी भांडणं केली, त्यातली निम्मी एका रजिस्टरवरून झाली. पगारावरून नाही, मुलांवरून नाही. बदलीवरून एकदाच भांडले आणि साफ हरले. पण त्या हरण्यामुळेच ही गोष्ट माझ्या वाट्याला आली, त्यामुळे आता त्याबद्दल कुरकुर करत नाही.

प्राथमिक शाळेत सगळ्यात जपायची वस्तू कोणती, असं बाहेरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल खिचडीचा तांदूळ, नाहीतर संगणक. दोन्ही चूक. सगळ्यात जपायचं ते जनरल रजिस्टर. मूल पहिल्यांदा शाळेत आलं की त्याच्या नावाची एक ओळ त्यात पडते. नाव, आईबापाचं नाव, धर्म, जात, जन्मगाव, जन्मतारीख. शाळा सोडून गेलं की त्याच ओळीच्या शेवटी कधी गेलं, का गेलं, वागणूक कशी होती, एवढं लिहायचं. संपलं. पण दाखला निघतो तो या ओळीवरून, आणि पुढे नोकरी, शिष्यवृत्ती, पेन्शन सगळं त्या दाखल्यावरून. ओळ एकदा पडली की पडली. मुख्याध्यापकाला स्वतःच्या मनाने त्यातली वेलांटीसुद्धा हलवता येत नाही. बदलायचंच असेल तर पुरावे जोडून वर प्रस्ताव पाठवा, मंजुरी येऊ द्या, मग लाल शाईने दुरुस्ती करा आणि खाली सही ठोका.

त्यामुळे मुख्याध्यापकाच्या टेबलासमोर कोण कोण येऊन बसतं ते विचारू नका. एकदा एक तगडा गडी आला, त्याला भरतीसाठी दोन वर्षांनी लहान व्हायचं होतं. मी म्हटलं, "बाबा रे, तुझा धाकटा भाऊ याच शाळेत होता. तुला लहान केलं तर तो तुझ्यापेक्षा सात महिन्यांनी मोठा होतोय. घरी काय सांगशील?" तो खरोखर विचारात पडला. दुसरे एक गृहस्थ पांढऱ्या कपड्यांत, दोन माणसं मागे घेऊन आले. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या नावापुढे शाळा सोडण्याचं कारण म्हणून कोणा गुरुजींनी 'गुरे राखण्यास' असं लिहून ठेवलं होतं. आता साहेब पतसंस्थेचे चेअरमन. त्यांना ते 'पुढील शिक्षणासाठी' असं करून हवं होतं. मी त्यांना चहा पाजला आणि तसंच परत पाठवलं. आणि एक जूनला जन्मलेल्यांची तर गणतीच नाही. आमच्या आधीच्या मास्तरांनी ज्या ज्या मुलाची तारीख आईबापाला सांगता आली नाही, त्याला एक जून देऊन टाकला. एका पाड्यावर मी पाहिलं, सासू, सून, नवरा, दीर सगळे एकाच दिवशी जन्मलेले.

मी हे सगळं हसत सांगते, पण रजिस्टरच्या बाबतीत मी कडक होते. खडूस म्हणायचे मला. म्हणू देत.

शेवटच्या चार वर्षांसाठी माझी बदली झाली हरसूलच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर. नाव सांगत नाही, तिथल्या माणसांना कळेलच. नाशिकहून त्र्यंबक, त्र्यंबकहून हरसूल एसटीने, पुढे जीप, आणि जीप नसली तर पाय. हरसूलला खोली घेतली होती. शनिवारी घरी यायचं, सोमवारी पहाटे निघायचं. ज्या बदलीवरून मी भांडले ती हीच. आदेश हातात पडला आणि गावाचं नाव वाचून मात्र मी खुर्चीत बसूनच राहिले. माझे आजोबा, दानिएल मास्तर, त्याच पाड्यावर बावीस वर्षं होते.

आम्ही नाशिकचे मराठी ख्रिस्ती. घरात तीन पिढ्या मास्तरकी. आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि त्याबरोबरीने उपदेशक. चर्चच्या पाळकाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. आठवडाभर शाळा चालवायची आणि रविवारी झाडाखाली प्रार्थना घ्यायची, घरोघरी जाऊन प्रभूचं वचन सांगायचं, असं दुहेरी काम होतं. स्वातंत्र्याच्या आगेमागे ती शाळा सरकारकडे गेली आणि तिचं जुनं रजिस्टर आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या कपाटात आलं. म्हणजे मी ज्या कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरणार होते, त्यात आजोबांचं अक्षर होतं.

आमच्या घरात आजोबांची गोष्ट ठरलेली होती. ते डोंगरात गेले, त्यांनी शाळा काढली आणि अख्खा पाडा प्रभूकडे आणला. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून घराण्याचा इतिहास लिहीत होता. नाताळात सगळ्या नातेवाइकांचा मेळावा भरवायचा आणि त्यात पुस्तिका वाटायची, असं त्याने ठरवलं होतं.

पाड्यावर हजर झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी एका बाईला विचारलं, "इथली ख्रिस्ती घरं कुठल्या बाजूला?"

ती म्हणाली, "कसली घरं?"

एकही नव्हतं. वाघदेव होता, कणसरी ही धान्याची देवी होती, शाळेमागे मारुती होता. पण चर्च नाही, क्रूस नाही, नाताळ नाही. दानेल मास्तर मात्र सगळ्यांना ठाऊक. म्हाताऱ्यांनी पाहिलेले, तरुणांनी ऐकलेले. मी त्यांची नात म्हटल्यावर माझ्या खोलीवर काकड्या, वालाच्या शेंगा आणि एकदा चक्क जिवंत कोंबडी येऊन पडली. दादाला मी यातलं काही बोलले नाही. त्याची पुस्तिका जोरात चालली होती. मी म्हटलं, म्हाताऱ्या भावाच्या आनंदात कशाला माती कालवा.

शेवटच्या वर्षी जून महिन्यात जयश्री भोये आणि तिचे आजोबा महादू माझ्याकडे आले. जयश्री आमच्याच शाळेची, पुढे आश्रमशाळेत बारावी झालेली, मोठी हुशार मुलगी. पाड्यावरून नर्सिंगच्या पदवीला नंबर लागणारी पहिलीच. आईबाप द्राक्षबागांवर कामाला गेलेले, म्हणून म्हातारा सोबत. प्रवेश पक्का करायला जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नुसता जातीचा दाखला पुरत नाही. तुमच्या घरातल्या जुन्या माणसाचा, स्वातंत्र्याच्या आसपासचा एखादा कागद दाखवावा लागतो, ज्यात जमात लिहिलेली आहे. डोंगरातल्या माणसाकडे एवढा जुना कागद कुठला असणार? असला तर एकच. शाळेच्या रजिस्टरमधली ती ओळ.

"आजा शाळेत होता," जयश्री म्हणाली. "त्याची नक्कल द्या बाई."

मी खुशीत कपाट उघडलं. म्हटलं, आजोबा, बघा तुमच्या हातचं आज कसं कामाला येतंय ते. पिवळी पडलेली पानं, शाई तपकिरी झालेली, पण अक्षर असं की पोरांना कित्ता म्हणून द्यावं. महादू लखमा भोये सापडला. नाव, बापाचं नाव, गाव, तारीख सगळं नीट. जातीच्या रकान्यात दोन टिंबं. म्हणजे वरच्याप्रमाणे. वर पाहिलं, दोन टिंबं. त्याच्या वर, दोन टिंबं. मी पान उलटलं. तेही पान टिंबांचं. अशी आठ पानं मागे गेले तेव्हा पहिल्या नावापुढे शब्द सापडले.

'देवाचे लेकरू.'

त्याखाली सगळ्यांना डिट्टो. पाड्यावरची, शेजारच्या गावची, कातकऱ्याचं एक पोर, दुकानदाराचं एक पोर, सगळी एका रांगेत. समासात कोणा इन्स्पेक्टरने लाल शाईत विचारलेलं, 'हा काय प्रकार? जात लिहावी.' त्याच्याखाली आजोबांची बारीक सही, म्हणजे शेरा वाचला. आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा टिंबं चालू.

माझ्याबरोबर आहेर गुरुजी होते, देवळ्याचे, कांद्याच्या भावाशिवाय दुसरं काही न बोलणारे. ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. आधी पोट धरून हसले. मग जयश्रीचा चेहरा पाहून गप्प झाले.

"आता काय लिहून द्याल?" तिने विचारलं.

नक्कल म्हणजे नक्कल. जे आहे तेच लिहावं लागतं. मी जातीपुढे 'देवाचे लेकरू' असं लिहून, सही शिक्का मारून दिलं. मनात म्हटलं, बाकीचे कागद आहेत, बापाचा दाखला आहे, भागून जाईल. भागलं नाही. दोन आठवड्यांनी प्रकरण त्रुटी काढून परत आलं. सगळ्यात जुन्या पुराव्यात जमातीचा उल्लेख नाही. शिवाय 'देवाचे लेकरू' म्हणजे काय, याचा खुलासा करावा. दुसरा जुना पुरावा सादर करावा. कॉलेजने प्रमाणपत्रासाठी दिलेल्या मुदतीतला दीड महिना उरला होता.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आहेर गुरुजी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मनातलं बोलायचं झालं की ते त्यांच्या अहिराणीवर जायचे. म्हणाले, "बाई, एक शब्द लिखाना शे फक्त. कोण देखस?"

खरंच कोण बघणार होतं? टिंबांच्या जागी 'कोकणा' एवढं जमातीचं नाव लिहायचं. तपकिरी शाई मिळते. आजोबांचं अक्षर माझ्यासारखंच आहे, किंवा माझं त्यांच्यासारखं. आणि लिहिलं असतं ते खोटंही नव्हतं, महादूचं घर कोकणाच. मी पेन हातात घेतलं नाही, असं म्हणणार नाही. घेतलं होतं. टोपणही काढलं होतं. पण चौतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी लोकांच्या तोंडावर दार लावलं, ती गोष्ट आज आपल्या माणसासाठी करायची? मग त्या चेअरमनला 'गुरे राखण्यास' वर का बसवून ठेवलं? आणि पकडलं गेलं असतं तर माझी पेन्शन गेली असती ते जाऊ द्या, पोरीचं नाव कायमचं काळ्या यादीत.

मी जयश्रीला नाही म्हणून सांगितलं. ती रडली नाही. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "बाई, हे तुमच्याच आजोबांनी केलंय ना?"

महादू तिला दटावत म्हणाला, "ए, मास्तरला काय बोलायचं नाय." पण ती बोलली ते खरंच होतं. मला त्या रात्री आजोबांचा जन्मात पहिल्यांदा राग आला. म्हटलं, एवढा मोठेपणा दाखवायचा होता तर उपदेशात दाखवायचा. पोरांच्या रजिस्टरात कशाला? मी स्वतः हजारभर मुलांची जात त्या रकान्यात लिहिली आहे, बापाकडून दोनदा विचारून, अक्षर लावून लिहिली आहे. मला ते आवडायचं म्हणून नाही. उद्या त्या पोराला कोणी दारात अडवलं तर त्याच्या हातात कागद असावा म्हणून.

शनिवारी नाशिकला आले ती तडक दादाकडे गेले. आजोबांच्या काही जुन्या वह्या त्याच्या कपाटात आहेत हे मला माहीत होतं. मी सगळी हकिकत सांगितली आणि म्हटलं, "वह्या काढ. त्यात कुठे पाड्याचा, भोयांचा उल्लेख असेल तर बघू."

दादा म्हणाला, "त्यांत काही नाही. मी वाचल्यात. अक्षरही नीट लागत नाही."

दादा खोटं बोलतो तेव्हा चष्मा पुसतो. तो पुसायला लागला. मी म्हटलं, "आजोबांचं अक्षर लागत नाही? अरे, रजिस्टर मी बघून आलेय. मोत्यासारखं आहे." आणि उठून स्वतःच कपाट उघडलं. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होती, ती मध्ये पडली नाही.

वर्षाला एक अशा बावीस वह्या होत्या. आजोबांना दर वर्षी मिशनकडे आपल्या कामाचा वृत्तांत द्यावा लागायचा. किती घरांना भेट दिली, कोणाच्या घरात कोणता देव पुजतात, जात काय, आणि शेवटचा प्रश्न, किती जणांचा बाप्तिस्मा झाला. वही मिशनच्या साहेबाकडे जायची, तो ती बघून सही, तारीख आणि गोल शिक्का मारून परत पाठवायचा. मी मधलीच एक वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले.

'लखमा भोये. जात कोकणा. घरात माणसे सात. वाघदेवास मानतात. नवे धान आले की कणसरीची पूजा करतात. प्रभूचे वचन शांतपणे ऐकून घेतात. ऐकून झाल्यावर मला नागलीची भाकर वाढतात व आपल्या देवापुढे नारळ फोडण्यास जातात. मुलगा महादू यास शाळेत घातले आहे. बाप्तिस्मा नाही.'

मी खुर्चीवरून उठलेच. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा कागद, वर शिक्का, खाली सही, आणि त्यात बापलेकांची नावं जमातीसकट. पुढच्या पानावर दुसरं घर, मग तिसरं, अशी पाड्यावरची सतरा घरं. प्रत्येकाखाली 'बाप्तिस्मा नाही'. सगळ्यात शेवटी साहेबाचा शेरा. 'पाहिले. यंदाही शून्य?'

"दादा," मी म्हटलं, "यात सगळं आहे. हे तू लपवून ठेवलंस?"

"बावीसच्या बावीस वह्या वाच," दादा म्हणाला. "प्रत्येकीत शून्य आहे. एक माणूस नाही आणला त्यांनी. बावीस वर्षांत एक नाही. आपल्या घरात लहानपणापासून काय सांगितलं गेलं? चर्चच्या मंडळीत आपलं नाव कशावर आहे? आणि तू हा त्यांच्या नापासाचा निकाल घेऊन सरकारी टेबलावर ठेवणार? त्याच्या नकला होणार, चार जण वाचणार. पुस्तिका छापखान्यात गेलीय गं माझी."

मी तापट आहे. मी त्याला म्हटलं, "तुझी पुस्तिका थांबू शकते. त्या पोरीचं कॉलेज थांबणार नाही." तो म्हणाला, "आजोबांची लाज तुला काहीच नाही का?" असं बरंच झालं. दोन म्हातारी भावंडं कशी भांडतात ते काय सांगायचं. वहिनीने चहा आणून ठेवला आणि तो निवून गेला.

मग बोलणं संपलं, आणि करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून मी वह्या वाचत राहिले. दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता, पण ऐकत होता. एका वहीत त्या रकान्याचाही उलगडा निघाला. आजोबांनी लिहिलं होतं, 'इन्स्पेक्टर साहेबांनी पुस्तक मोठ्याने वाचले, नावे जातीसह. दुसऱ्या दिवशी मुले जातवार वेगळी बसली. गेल्या वर्षापर्यंत एकत्र बसत होती. मी नवे पुस्तक सुरू केले आहे. त्यात जात लिहिणार नाही. या वृत्तांतात आपण विचारता म्हणून लिहितो, हे मुलांपुढे वाचले जात नाही.'

शेवटच्या वहीत घरांची यादी होती तशीच, आणि खाली साहेबाने आधीच्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. साहेबाने विचारलं असावं की इतकी वर्षं फळ नाही, तर आपण दुसरीकडे का जात नाही. आजोबांनी लिहिलं होतं, 'या वर्षीही कोणी आले नाही. पण मला कोणी जा म्हटले नाही. म्हणून राहतो.'

ते वाचून मी वही मांडीवर ठेवली. मला आजोबा नीट आठवत नाहीत, मी चार वर्षांची असताना ते गेले. पण त्या तीन वाक्यांत मला ते जेवढे भेटले तेवढे घरातल्या सगळ्या गोष्टींमधून भेटले नव्हते. फार जवळचे वाटले.

दादा खिडकीपासून वळून म्हणाला, "मी उगाच त्यांना पास करत बसलो होतो." मग उठला, वह्या एकावर एक रचल्या, जुन्या टपालखात्याच्या सवयीने सुतळीने बांधल्या, गाठीवर गाठ मारली आणि माझ्या हातात दिल्या. "मूळच ने. नकलांवर हे लोक विश्वास ठेवत नाहीत," एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाऊन त्याने पुस्तिका थांबवली.

वह्या सादर झाल्या. मग चौकशीचा अधिकारी पाड्यावर आला. ही गृहचौकशी म्हणजे एक परीक्षाच असते. कागद खरा की खोटा हे बघायला घरातल्या माणसांना रीतिभाती विचारतात, लग्न कसं लावता, मेल्यावर काय करता, देव कोणते. अधिकारी तरुण होता, घामाघूम होऊन आला होता. शाळेतच बसला. एका बाजूला आजोबांची वही उघडी, दुसऱ्या बाजूला महादू जमिनीवर. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"घरात कुठला देव?" अधिकाऱ्याने विचारलं.

"वाघदेव. आन् कणसरी."

"कणसरीची पूजा कधी?"

"नवं धान आलं का."

अधिकारी वहीत बघायचा, मग म्हाताऱ्याकडे बघायचा. असे पाच-सहा प्रश्न झाले. एकदा त्याने विचारलं, "हे मास्तर तुमच्या घरी धर्म सांगायला यायचे. तुम्ही कोणी घेतला का?"

महादूने मान खाली घातली. "नाय साहेब. आमी त्यांचं ऐकायचो. घेतला नाय कुणी." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "लय वाईट वाटलं असंल बाई त्यांना. पन कधी बोलले नाय. पोरांना ताप आला तर रातभर बसायचे. मंग आमचीच आई लाजायची, म्हनायची, एवढा माणूस सांगतोय तर हो म्हना रं कुनीतरी."

अधिकाऱ्याने वही मिटली. हसू दाबत म्हणाला, "बाई, बरं झालं कोणी हो म्हटलं नाही. नाहीतर यांच्या घरच्या देवांबद्दल एवढं बारकाईने कोणी लिहून ठेवलं असतं?"

मुदत संपायला चार दिवस असताना प्रमाणपत्र आलं. जयश्री ते घेऊन धावत शाळेत आली आणि माझ्या गळ्यातच पडली, सगळ्या वर्गादेखत. मी तिला म्हटलं, "माझ्या आजोबांवर राग आहे का अजून?" ती म्हणाली, "थोडा आहे." खरं बोलणारी मुलगी. आज ती एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि फोनवर मला वेळेवर गोळ्या घ्या म्हणून दम भरते.

माझी एक जबाबदारी मात्र उरली होती. पुढे या टिंबांमुळे पाड्यावरचं दुसरं पोर अडू नये, म्हणून मी आधी वह्यांच्या साक्षांकित प्रती करून रजिस्टरबरोबर कपाटात ठेवल्या. मग महादूच्या ओळीचा दुरुस्तीचा प्रस्ताव तयार केला. आता पुरावा भक्कम होता, नियमात बसत होतं, मंजुरी हमखास आली असती. त्या रकान्यात लाल शाईने 'कोकणा' लिहायचं आणि खाली सही करायची, एवढंच. निवृत्तीला महिना राहिला होता. माझ्या नोकरीतली ही शेवटची दुरुस्ती ठरली असती आणि आजोबांची चूक नातीने निस्तरली, याचं समाधानही. अर्जावर महादूची सही लागत होती, म्हणून त्याला बोलावलं.

तो आला. मी रजिस्टर उघडून त्याची ओळ दाखवली, अर्ज समजावून सांगितला आणि पेन पुढे केलं. त्याने पेन घेतलं नाही.

"पोरीचं काम झालं ना बाई?"

"झालं."

"नातवांचं बी व्हईल ना त्या वह्यांवर?"

"होईल. आता कोणाचंच अडणार नाही."

"मंग माझं खोडू नका."

मी म्हटलं, "महादूबाबा, खोडत नाही आपण. बरोबर करतोय. तुम्ही कोकणाच ना?"

"हाय की. कोकणाच हाय. सायबाला बी तेच सांगितलं." तो रजिस्टरवर वाकला. त्याने बोट त्या दोन टिंबांवर ठेवलं, मग माझ्या मदतीने पानं मागे उलटत पहिल्या नावापर्यंत गेला आणि ते दोन शब्द अक्षरं लावून वाचले. आजोबांनी शिकवलेलं वाचन. "बाप मला घेऊन आला व्हता इथं," तो म्हणाला. "मास्तरानं लिव्हलं. बापाला लिव्हता-वाचता येत नव्हतं. त्यानं विचारलं, काय लिव्हलं पोरापुढं? मास्तरानं वाचून दावलं. बापानं ऐकलं. लय मारायचा बाई मला तो. दारू प्यायचा न् मारायचा. काठी, दोर, हातात येईल त्यानं. त्या दिवशी घरी आला, आयला सांगितलं मास्तरानं काय लिव्हलं ते. त्या दिसापासनं मरंपर्यंत त्यानं माझ्यावर हात नाय उचलला."

त्याने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "ते राहू द्या."

मी अर्ज फाडला आणि कपाटाला कुलूप लावलं.